आईची बाजूला ठेवलेली घागर

दूध संघानं एकदा आम्हा गावोगावच्या महिला दूध संस्थांच्या सचिवांना तालुक्याला बोलावून वेळेचं नियोजन शिकवलं होतं. शिकवणारे सर शहरातले, कडक इस्त्रीचे आणि बोलायला गोड. सगळ्यात महत्त्वाचं काम आधी उरकायचं, सारखी कामं एकत्र करायची आणि नको त्या गोष्टीला स्पष्ट नाही म्हणायला शिकायचं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही बाया एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसलो. टँकरवाल्याला नाही कसं म्हणायचं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. पण जेवणाची वेळ झाली होती, आणि सर वेळेचे पक्के होते.

हसले असले तरी मी ते मनावर घेतलं. मुळात मी हट्टी, त्यात गरजू. त्या वर्षी दिवाळीच्या आधीच गावात टँकर सुरू झाला होता. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, आमच्या शिवारातला कालवा पोरांना क्रिकेट खेळायला मोकळा झालेला. नवरा बैलं आणि भाकड जनावरं घेऊन कारखान्यानं उघडलेल्या चारा छावणीवर मुक्कामाला होता. घर, दोन लेकरं, पाणी आणि दूध संस्था हे सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आलं. ज्यांनी घरी एखादी दुभती म्हैस राखली होती, त्यांचं दूध मी दोन्ही वेळा मोजून घ्यायची, मशीनवर फॅट काढायची आणि कॅन भरून गाडीत चढवायची. गाडी कुणासाठी थांबत नसे. ती चुकली की दूध नासणार आणि अख्ख्या गावातल्या बाया माझा उद्धार करणार, हे ठरलेलं.

अशात आईचा फोन आला. माझं माहेर धारूरच्या डोंगरात. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले होते आणि घरात आई आणि एक शेळी, एवढंच बिऱ्हाड राहिलं होतं. टँकरच्या गर्दीत भरल्या घागरीसकट पडून तिचा उजवा खांदा दुखावला होता. हात कमरेपर्यंत चालायचा, वर जायचा नाही. डाव्या हातानं ती भाकरी थापायला शिकली, शेळीची धार काढायला शिकली, पण डोकं काही धुता येईना. आईचे केस लांब आणि दाट होते, आणि त्यांचा तिला उतारवयातही तोरा होता.

"लई काही न्हाई गं, एक दिस ये आन माझं डोकं धुऊन दी," ती म्हणाली.

शेजारणीला सांग की, असं मी म्हटलं.

"तिला पाणी मागता येतंय. तिचा येळ कसा मागू?"

भोगीला येते, असं मी कबूल केलं. भोगीला डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं, म्हणून तो दिवस तिलाही पटला. आलेल्या पाण्यातली एक घागर तिनं बाजूला काढली, तोंडावर फडकं बांधून माजघराच्या कोपऱ्यात ठेवली आणि मला तसं फोनवर कळवलं. शिकेकाईसुद्धा कुटून घेतली होती.

भोगीच्या दिवशी आमचा टँकर सकाळी येणार होता. वाट बघता बघता दुपार झाली. टँकर भरायच्या ठिकाणी वीज आली की तो निघायचा, आणि वीज कधी येणार हे देवालाही ठाऊक नसावं. घरात प्यायला पाणी नाही आणि लेकरं सोडून गावाला कशी जाणार? टँकर आला तेव्हा संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. मी येत नाही म्हटल्यावर आईनं ती घागर पिण्याला वापरली आणि पुढच्या खेपेला नवी भरून ठेवली.

मग मी सरांचं शिकवणं कामाला लावलं. दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापू लागले. रिकाम्या घागरी आदल्या संध्याकाळीच नंबराला लावून ठेवू लागले. शेजारच्या सुनेला फॅटचं मशीन शिकवलं, म्हणजे एखादी वेळ ती सांभाळील. पंधरवड्यात माझी कामं इतकी झपाझप उरकायला लागली की माझं मलाच नवल वाटलं. आता सवड मिळणार, असं वाटलं. पण माझी सवड माझ्या आधी गावाला दिसली. तुझं झालंच आहे तर बचत गटाची बैठक घे. तुझं झालंच आहे तर छावणीवर आमच्याही घरचा डबा ने. ज्याचं काम लवकर उरकतं त्याच्याकडे आणखी काम चालत येतं, हे मात्र सरांनी सांगितलं नव्हतं. नाही म्हणायला मी घरी आरशासमोर शिकले, पण दारात उभ्या असलेल्या बाईसमोर ते तोंडातून निघेना. उद्या माझी घागर नंबरात पुढं सरकवणारी तीच होती. माझी चिडचिड व्हायची, मला रडूही यायचं, आणि रडायलाही सवड नाही म्हणून आणखी चिडचिड व्हायची.

आई मात्र एकदाही रागावली नाही. दर फोनला तेच सांगायची, घागर भरून ठेवली आहे, तुझ्या सवडीनं ये. माझ्या सवडीनं.

शेवटी माघ सरताना एक दिवस जमला. सकाळची दुधाची गाडी काढून दिली, शेजारची सून आजारी पडली होती म्हणून संध्याकाळच्या दुधाला मीच परत येईन असं ठरवलं आणि एसटी धरली. धारूरला उतरून पुढं डोंगरातली वाट पायी तुडवली. उंबऱ्यापाशी पोचले तर आईनं लांबूनच थांब म्हणून खुणावलं. लेक माहेरी आली की भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि पायांवर पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. तिनं डाव्या हातानं तुकडा ओवाळला. मग तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं. उन्हातून आलेली म्हणून तोंड धुवायला दिलं. मळलेले हात कोपरापर्यंत धुवायला लावले. मी नको नको म्हणेपर्यंत कोपऱ्यातली घागर अर्धीअधिक रिकामी झाली होती. उरल्या पाण्याचं तिनं भाताला आधण ठेवलं.

"अगं, हे तुझ्या डोक्याचं पाणी होतं ना?"

"लेक आली म्हणल्यावर कोरड्या पायानं आत घिऊ व्हय? आज टँकर येणार हाय, त्यातलं घिऊ."

जेवून आम्ही दोघी चौकात घागरी मांडून लिंबाच्या सावलीला बसलो. मी तिच्या केसांतला गुंता सोडवत बसले. तेलानं आणि धुळीनं केसांच्या जटा झाल्या होत्या. ती डोळे मिटून, मान माझ्या हातात देऊन बसली होती, आणि मी रस्त्याकडे बघत होते. सावली सरकली, तशा आम्हीही सरकलो. टँकर आला नाही. माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली. कोरड्याच केसांची वेणी घालून मी उठले. पुढच्या खेपेला नक्की, असं मी म्हणाले. ती म्हणाली, जा माय, बायांचं दूध नासंल.

एसटी घाट उतरत होती. एका वळणावर चालकानं गाडी कडेला दाबून समोरून चढणाऱ्या वाहनाला वाट दिली. टँकर होता तो, आईच्या गावाकडे निघालेला. वरच्या झाकणातून पाणी डचमळून रस्त्यावर सांडत होतं. खिडकीतून हात बाहेर काढला असता तर ओला झाला असता. उतरावं असं वाटलं, पण त्यानंतर परतीची गाडी नव्हती. मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसून राहिले.

पुढची खेप झाली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला भाऊ-भावजय परत आले, आणि त्याच आठवड्यात तापाचं निमित्त होऊन आई गेली. निरोप आला तेव्हा मी दूध मोजत होते. माप तसंच टाकून निघाले. त्या वेळचं दूध शेजारच्या सुनेनं घेतलं, गाडी वेळेवर गेली, कुणाचं काही नासलं नाही.

माहेरच्या अंगणात घागरी मांडलेल्या होत्या. शेवटच्या आंघोळीला गल्लीतल्या एकेका घरातून पाणी आलं होतं, काही घरांनी तर पिण्यातलं दिलं होतं. भावजयीनं आईची कुटलेली शिकेकाई शोधून आणली. मी आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि सवयीनं भराभर हात चालवायला लागले. त्या शेजारणीनं, जिचा वेळ आईला मागता आला नव्हता, माझ्या हातावर हात ठेवला.

"सावकाश धू बाई," ती म्हणाली. "आज पाणी लई हाय."

मग मी सावकाश धुतलं.