चिंधू पेंटरचं झुकतं अक्षर

सेलूच्या चिंधू पेंटरचा हात दोनच कामांत चालायचा, पाट्या रंगवण्यात आणि समोरच्याच्या थोबाडात हाणण्यात. दोन्हीत त्याला कच्चं काम खपत नसे.

त्याचं एक खास अक्षर होतं. कुठं बारीक, कुठं जाड असा बोरूचा नखरा नाही. सगळ्या रेघा म्हशीच्या पुठ्ठ्यासारख्या भरीव, आणि अख्खं नाव उजवीकडं झुकलेलं, धडक द्यायला निघालेल्या गोऱ्ह्यासारखं. हे अक्षर तो मागेल त्याला देत नसे. सोडावॉटरवाल्याला म्हणाला होता, "तुह्या बाटलीत फेस हाये बे, जोर नाई."

अठ्ठ्याहत्तर साली पोळ्यानंतरच्या कुस्त्यांच्या दंगलीची पाटी त्याच्याकडं आली. मोठी कुस्ती दोघांची. एक आखाड्याचे कारभारी वासुदेवराव यांचा पुतण्या घनश्याम, दुसरा जंगलात लाकूड तोडणारा जंगलू. चिंधूनं जंगलूचं नाव जाड, झुकतं काढलं. घनश्यामचं बारीक, सरळ उभं.

वासुदेवराव पुतण्याला घेऊन दुकानात आले. "काबे चिंध्या, आमच्या पोराचं नाव काऊन तुरीच्या काडीवानी लिहिलं?"

"मालक, घनश्याम उभा राह्यते अन् समोरच्याची वाट पाह्यते. जंगलू अंगावर येते. जो जसा लढते, तसं त्याचं अक्षर."

"बदलव."

"नाई बदलवत. हे अक्षर माह्यं हाये."

घनश्यामनं तिथंच त्याचा दात पाडला. चिंधूनं रंगाचा डबा त्याच्या कानावर हाणला. मग आखाड्यातले दोघं धावत आले, त्यांनी चिंधूला पालथं पाडलं, पाठीत गुडघा रोवला आणि हातात ब्रश कोंबला. नाकातलं रक्त लाल रंगात गळत होतं. चिंधूनं दोन्ही नावांची अक्षरं अदलाबदल करून लिहिली. लिहायला लागल्यावर मात्र त्याला वाईट लिहिता येईना. घनश्यामचं नाव असं उतरलं, की पाटीतून उडी मारतंय का काय.

दंगलीच्या दिवशी घनश्याम त्या पाटीकडंच पाहत आखाड्यात उतरला. जन्मात जो कधी आधी झेपावला नव्हता, तो हलगी वाजताच धावत सुटला. जंगलू जागचा हलला नाही. अंगावर आला तसा त्यानं कंबरेत धरला, उचलला आणि खांद्याच्या बाजूनं मातीत आपटला. हाड मोडल्याचा आवाज दोरीपाशी बसलेल्यांनीही ऐकला.

संध्याकाळी वासुदेवराव पुन्हा दुकानात. "पोराले तुह्या अक्षरानं पळवलं."

"तुमीच काढाले लावलं, मालक."

आखाड्यातल्या त्याच दोघांनी चिंधूचा उजवा अंगठा उंबऱ्यावर धरला आणि वासुदेवरावांनी तो लाकडी मोगरीनं ठेचला.

अंगठा वाकडाच राहिला. चिंधू मुठीत ब्रश धरू लागला, अक्षर आणखीच जाड झालं. पण गोष्ट गावोगाव फिरली होती. ब्याऐंशी साली जाम गावचा एक पहिलवान आला.

"पेंटरभाऊ, माह्यं नाव बारीक, सरळ लिहिजो. समोरच्याचं तुमचं ते झुकतं काढजो. मंग पाहतो त्याच्याकडे."

चिंधूनं ब्रश खाली ठेवला, हात पुसला आणि डाव्या हातानं अशी ठेवून दिली की पहिलवान डब्यांवर जाऊन पडला. उठला तो दुकानाची फळी घेऊनच. चिंधूच्या दोन बरगड्या मोडल्या.

पण पाटी काही त्यानं लिहिली नाही. जामच्या दंगलीत त्या साली नावं खडूनं लिहिली गेली, दोन्ही सारखीच.