सोनाकाकीला न लाभलेली कुरडई

कुरडईसाठी भिजवलेल्या गव्हाचा तिसऱ्या दिवशीचा वास घेऊन नवखा माणूस नाक दाबून पळतो. आमची शेजारीण सोनाकाकी मात्र त्या पातेल्यात जवळजवळ डोकंच घालायची. आई तिला बोलवायला कुंपणावरून कधी ओरडली नाही, दारापर्यंत जाऊन यायची. काकी यायची, हुंगायची आणि, "आज न्हाई. गव्हाला तुझी घाई कळत न्हाई," म्हणून तशीच परत जायची. तिच्याशी वाद घालायची आमच्या रिहे गावात कुणाची टाप नव्हती.

आळीतल्या सगळ्या घरांचा चीक तीच शिजवायची. गहू वाटून, गाळून ठेवला की तळाला जो पांढरा साका बसतो, तो चीक. उकळत्या पाण्यात ओतून तो एकसारखा घोटायचा, हात थांबला की गाठी झाल्याच. चूल पेटण्याआधी काकी तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची आणि आम्हा पोरांना दरडावायची, "रेघेच्या आत पाय दिसला तर तंगडं मोडीन." गरम चिकाची वाटी आम्हाला कधी मिळाली नाही. गार झाल्यावर मिळायचा, तोही लांब बसून. मला ती पक्की कजाग वाटायची.

तिच्या स्वतःच्या अंगणात मात्र माझ्या आठवणीत कुरडई कधी वाळली नाही. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "आमच्या घराला लाभत न्हाई." माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी तिची तीन वर्षांची मंदा उकळत्या चिकात पडून गेली होती. तेव्हापासून हे 'लाभत नाही' साऱ्या आळीने मान्य केलं होतं, आणि त्यावर कुणी जास्त बोलत नसे.

सातवीत असताना मी मुद्दाम ती रेघ ओलांडली. काकीने अशी मुस्काटात ठेवून दिली की गालावर चीक चिकटला. मला कुणी नुसतं रागावलं तरी पदर खोचून भांडायला जाणारी माझी आई त्या दिवशी म्हणाली, "बरं केलंत, आक्का." मला काकीपेक्षा आईचाच राग आला. तो पुढे बरीच वर्षं गेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी चांद्याहून माहेरी आले, तेव्हा काकी अंथरुणाला खिळली होती. तिच्यामागे कुणी नव्हतं, दोन्ही वेळची पेज आमच्याच घरून जायची. एका दुपारी मी भरवत होते.

"तुझी पोर केवढी झाली गं?"

"तीन वर्षांची."

तिने माझं मनगट धरलं. "लाभत न्हाई म्हणते ना मी, ते खोटं हाय. मी चुलीपाशीच व्हते. तुझ्या आईनं कुंपणावरनं हाक मारली. वारं सुटलं व्हतं, आक्का, जरा वाळवणाचं धोतर धरा म्हणली, कुरडया उडतील. नवी नवरी, तिची पयलीच कुरडई. मी उठून गेले." तिने पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "गावानं तिला पांढऱ्या पायाची म्हणून हाकलली असती. म्हणून मीच सगळ्यास्नी सांगत सुटले, लाभत न्हाई."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं मी या बाईला कजाग म्हणत होते, याची लाज वाटली.

घरी आई वाल सोलत बसली होती. माझं तोंड बघून तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"सांगितलं व्हय तिनं?"

मी मान हलवली.

"इतकी वर्सं शेजारी काढली, पण ते बोलायला मला तोंडच नव्हतं," ती म्हणाली आणि तशीच उठून चालू लागली. मी मागोमाग गेले.

काकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई तिच्या उशाशी बसली. "आक्का, मी हाक मारली व्हती. माझ्यापायी झालं ते." काकी हलली नाही. झोप लागली असेल म्हणून आई पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाली. मी वाकून काकीच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास नव्हता. आई तिसऱ्यांदा तेच सांगत होती, आणि तिला थांबवायचा मला धीर झाला नाही.