पुण्याची पाटी

"मॅडम, पाटी जरा वर धरा. हसा," फोटोवाला म्हणाला.

पाटीवर 'पुणे' लिहिलेलं. मी पुण्याला जायला अजून हो म्हटलंच नव्हतं.

नागपुरातला रोजगार मेळावा. टेबलं पुण्याची, चाकणची, पार तमिळनाडूतल्या होसूरची. नागपूरचं एक नाही. आणि ज्या कंपनीच्या टेबलासमोर मी उभी होते, तिच्याच इथल्या हिंगण्याच्या कारखान्यात मी वर्षभर फिटर होते. ट्रेनी म्हणून. वर्ष झालं की घरी पाठवतात, नवी बॅच आणतात. मशीन तेच, काम तेच. कायमची जागा तेवढी हिंगण्यात कधी निघत नाही.

मी टेबलावरच्या साहेबांना म्हटलं, "सर, मले हिंगण्यात द्या. बाबा अंथरुणावर आहेत. उठवाले दुसरं कोणी नाही."

"मले?" ते शेजारच्याकडे बघून हसले. "वस्ती कोणती तुमची?"

सांगितली.

"तरीच. तुम्हा लोकांना सगळं घरपोच मिळायची सवय. तिकडे जागा ओस पडल्यात आणि यांना घर सुटत नाही."

घरपोच? माझी आई पहाटे बेसाच्या सोसायट्यांत जाते, लोकांच्या पोळ्या लाटायला. आम्हाला आजवर कोणी काय आणून दिलं?

मी पाटी टेबलावर उलटी ठेवली.

"माझा फोटो काढू नका. हिंगण्यात काम आहे, मी केलं आहे. मग जागा काहून नाही?"

"नेक्स्ट," साहेब म्हणाले.

घरी आई म्हणाली, "नाही काहून म्हटलं वं? गेली असती. बाबाचं मी पाहिलं असतं." मी तिच्यावरही चिडले. ती कधी पाहणार होती?

तेव्हापासून जीव ठरत नाही. जेवताना उठते, बाबांची कूस बदलते, पुन्हा ताटावर बसते. पुण्याला गेलेल्या पोरींवर माझा राग नाही. जायचं का, हे त्यांना कोणी विचारलंच नाही, याचा आहे.

सोमवारी कंपनीच्या बसमधून नवी बॅच उतरेल. माझ्या मशीनवर दुसरी पोरगी उभी राहील, वर्षभरापुरती. तिच्या आधी आम्ही कारखान्याच्या गेटवर असू. आमच्या बॅचच्या सगळ्यांना फोन लावले. काही येतो म्हणाले, काहींनी उचललाच नाही. कोणी नाही आलं तरी मी जाणार. हाकललं तर मंगळवारी परत जाणार.

या वेळी पाटी मी लिहिली आहे. काम इथं, तर जागा इथंच.

आता काढा फोटो. हसणार मात्र नाही.