अंगठा माझाच आहे

एका परदेशी बाईंनी लढाईत उद्ध्वस्त झालेल्या संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो मागितले, आणि मी त्यांना माझे स्वतःचे एकतीस फोटो पाठवून दिले. वर विषयाच्या जागी लिहिलं, 'महत्त्वाचे पुरावे'.

झालं असं, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पश्चिम आशियातल्या एका शहरात तीन वर्षं एसी मेकॅनिक होतो. त्या शहराचं नाव हल्ली फक्त वाईट बातम्यांत येतं, म्हणून इथे घेत नाही. तिथल्या संग्रहालयाच्या एसीचं काम आमच्या कंपनीकडे होतं. आम्हा तिथल्या जुन्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एरवी सकाळची फुलं आणि कोणीतरी गेल्याची बातमी, एवढंच येतं. यंदा एक आवाहन आलं. संग्रहालय लुटलं गेलं, उरलेलं बॉम्बखाली गेलं, वस्तूंच्या नोंदवह्या जळाल्या. आता चार-पाच देशांतली माणसं मिळून आत काय काय होतं याची यादी नव्याने करताहेत. ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांनी पाठवावेत.

माझ्याकडे होते! कपाटातला अल्बम काढला, मुलीच्या मोबाइलने फोटोंचे फोटो घेतले आणि जगाच्या वारशाला हातभार लावल्याच्या थाटात मी दोन दिवस घाटकोपरभर हिंडलो.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुलीने मोठ्याने वाचलं. "बाबा, त्या म्हणतात फोटो छान आहेत. चौदा नंबरच्या फोटोत तुमच्या डाव्या खांद्यामागे एक शिल्प असावं असा त्यांचा अंदाज आहे. आणि तुम्ही नसलेला एखादा फोटो आहे का, असं विचारलंय." पुढचं तिला वाचवेना. ती हसत सोफ्यावर आडवी झाली.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "संग्रहालय कुठंय, म्हणून मी तेव्हाही विचारलं होतं."

आता यात माझं काय चुकलं? आपल्याकडे फोटो वस्तूचा काढतातच कुठे? आपण तिथे होतो, याचा काढतात. शिवाय ते फोटो घरी पाठवायचे होते. नवरा धडधाकट आहे, कपडे इस्त्रीचे आहेत, मागे काहीतरी भव्य आहे, एवढं दिसलं की झालं.

ते सगळे फोटो काढले तिथल्या रखवालदाराने. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, जाड मिशांचा, हिंदी सिनेमे पाहून मोडकी हिंदी शिकलेला. तो मला 'मुंबई' म्हणायचा, मी त्याला 'उस्ताद'. तो आपल्या भाषेत एक-दोन-तीन म्हणायचा आणि दोनलाच बटण दाबायचा. म्हणून सगळ्या फोटोंत माझं तोंड अर्धवट उघडं आहे.

शुक्रवारी संग्रहालय बंद असायचं, तोच आमचा साफसफाईचा वार. त्या अवाढव्य इमारतीत दिवसभर आम्ही दोघंच. बाकी सहा दिवस मी आठ जणांच्या खोलीत राहायचो, पण बोलणं असं व्हायचंच नाही. घरी फोन केला की बायको विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "जेवलो." "बरं आहे ना?" "झकास." मग फोन मुलीकडे. ती चार वर्षांची, लाजून बोलायचीच नाही. फोन नाकाला लावून नुसती श्वास घ्यायची. मी त्या श्वासाचे पैसे भरायचो, आणि ऐकत राहायचो.

तिसऱ्या दालनात एक मातीचा बैल होता. हातभर लांब, हजारो वर्षांपूर्वीचा, उजवं शिंग मोडलेलं. आमच्याकडे बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कुंभार देतो तसाच. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा काचेसमोर मांडी घालून बसलो. उस्तादला म्हटलं, "ये हमारे गाव का है." तो म्हणाला, "नहीं मुंबई, हमारा." हे भांडण तीन वर्षं दर शुक्रवारी झालं. त्याशिवाय आम्हाला चैन पडत नसे.

बाईंचं दुसरं पत्र नेमकं त्या बैलाबद्दल आलं. भलत्याच एका देशाच्या बंदरावर तो कस्टमवाल्यांनी पकडला होता. विकणारा म्हणतो, आमच्या घरात दोन पिढ्यांपासून आहे, हे कागद. संग्रहालयाच्या बाजूने बोलायला फक्त एका म्हाताऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांची आठवण. बैल संग्रहालयात होता हे दाखवणारा एक तरी फोटो तीन आठवड्यांत मिळाला नाही, तर तो विक्रेत्याला परत द्यावा लागणार.

मी अल्बम पुन्हा काढला. बैलाबरोबरचे माझे चार फोटो. चारही फोटोंत बैल माझ्या शर्टामागे. तेव्हा पोट नव्हतं हो, पण शर्ट ढगळ होता. या वेळी घरात कोणी हसलं नाही.

आठवडा गेला. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात मी एसीचा फिल्टर साफ करून नेहमीसारखा फोटो काढत होतो. आमच्या धंद्यात कामाआधी एक आणि कामानंतर एक असे दोन फोटो काढावे लागतात. तारीख आणि जागा लिहिलेली चिठ्ठी हातात धरायची, तीही फोटोत यायला हवी. नाहीतर गिऱ्हाईक सही करत नाही. चिठ्ठी धरलेल्या माझ्या हाताकडे मी बघत राहिलो. तिथेही आम्ही हेच करत होतो की!

जुनी हार्ड डिस्क बॉक्सबेडमध्ये गोधड्यांखाली सापडली. मुलीने ती जोडली. खाकरत खाकरत चालू झाली. शेकड्यांनी फोटो, आणि सगळे हवेच्या जाळ्यांचे.

"हे काय, सगळ्या जाळ्याच?" बायकोने विचारलं.

"तेच माझं काम होतं."

"मग अल्बममध्ये यातला एकही नाही तो?"

तिसऱ्या दालनातली जाळी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती, बैलाच्या कपाटाच्या अगदी खाली. सापडला. धुळीने भरलेली जाळी, वर काच, काचेआड बैल. उजवं शिंग मोडलेलं, मागच्या डाव्या पायाला जोडल्याची रेघ. आणि कोपऱ्यात तारखेची चिठ्ठी धरलेला माझा अंगठा. मी नसलेला फोटो काही मला काढता आला नाही.

फोटो बाईंना पाठवला. विक्रेत्याच्या वकिलाने विचारलं, ही चिठ्ठी खरी कशावरून, आणि हात कोणाचा? प्रतिज्ञापत्र हवं. माझ्या अंगठ्याचं नख लहानपणापासून मधोमध दुभंगलेलं आहे, तेच कामाला आलं. आजच्या अंगठ्याचा फोटो घेऊन मी स्टेशनजवळच्या नोटरीकडे गेलो.

"कशाचं ॲफिडेव्हिट? नावात बदल?"

"अंगठ्याचं."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "'सदर छायाचित्रातील अंगठा माझाच आहे.' अहो, शिकलेले दिसता. सही करा ना, अंगठा कशाला?"

"सहीच करतोय. अंगठा आधीच देऊन झालाय."

ते पाठवताना मी खाली चार ओळी जास्त लिहिल्या. तिथे एक रखवालदार होता, असा असा दिसायचा, शुक्रवारी असायचा. त्याचं काही कळेल का? नाव काय लिहू? तीन वर्षांत आम्ही एकमेकांचं खरं नाव एकदाच विचारलं होतं आणि दोघांनाही उच्चारता आलं नव्हतं.

महिन्याभराने उत्तर आलं. फोटो ग्राह्य धरला. बैल वाचला. मात्र त्याला परत पाठवायला सध्या इमारतच नाही. म्हणून एका तिसऱ्याच देशातल्या संग्रहालयाने तो सांभाळायचं कबूल केलंय. कापसात गुंडाळून, नंबर घातलेल्या पेटीत, गावी शांतता होईपर्यंत. वाचताना मला आमची आठ जणांची खोली आठवली. कॉटवर तिथेही नंबरच होते.

शेवटी रखवालदाराविषयी होतं. नोकरांच्या यादीत तसा माणूस सापडत नाही, रखवालदार बहुधा तुमच्यासारखेच कंत्राटावर होते. त्यांचा एखादा फोटो असेल तर कृपया पाठवा, आम्ही निर्वासितांच्या छावण्यांमध्ये दाखवून बघू.

मी अल्बम घेऊन बाल्कनीत बसलो. एकतीस फोटो त्याने काढले, म्हणून एकतीसपैकी एकाही फोटोत तो नाही. एकदासुद्धा मी त्याला म्हटलं नाही, की उस्ताद, आण तो कॅमेरा, आता तू उभा राहा. काचेत कुठे त्याची सावली पडलीय का, ते भिंगाने पाहिलं. एका काचेत कोणीतरी आहे, पण जिथे चेहरा असायला हवा तिथे फ्लॅशचा पांढरा गोळा.

रविवारी बायकोने मला न विचारता मुलीचा कॉम्प्युटर पुढे ओढला आणि जाळ्यांचे फोटो एकेक करून बघायला घेतले. कुठेतरी मिशा दिसतील म्हणाली. भाजी निवडायची तशीच राहिली. मी शेजारी बसून होतो. दालन, जाळी, दालन, जाळी. माणूस कुठेच नाही. तिसऱ्या दालनाच्या एका फोटोवर ती थांबली आणि तिने तो मोठा केला. मागच्या भिंतीला टेकून एक प्लास्टिकची खुर्ची होती, पाठीवर घडी घातलेलं जाकीट.

"ही त्याची ना?"

मी मान हलवली. तिने चित्र इकडून तिकडे सरकवून पूर्ण दालन पाहिलं. मग पुढचं दालन, त्याच्या पुढचं. चष्मा काढून पदराने पुसला.

"सगळीकडे एकच खुर्ची आहे हो," ती म्हणाली. "मग तुम्ही कुठे बसायचात?"