तुमचंच क्लॉक धरू

फोनमध्ये कोंबडी दाणे टिपतेय असा आवाज येतोय, हे मला सगळ्यात आधी आईनं सांगितलं. रांजणगावच्या कारखान्यातून मी शिरूरला घरी फोन लावला होता. मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांत हीच तक्रार ऑफिसातून आली. बाहेरच्या कॉलमध्ये टिकटिक, मधलेच शब्द गायब, काही कॉल तर बोलता बोलता तुटायचे.

कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळणं हे माझं काम. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पण कामावर माझा हात बसवला तो आप्पांनी. कंपनीचा दुसरा कारखाना दौंडकडे, तिथलं एक्स्चेंज ते बघायचे. दहावीपर्यंत शिकलेले. सुरुवातीला मी केबलच्या जोड्या हमखास उलट्या लावायचो, तेव्हा फोनवरून तारांचे रंग विचारत विचारत त्यांनी मला शिकवलं. तरी मला 'साहेब'च म्हणायचे. "डिग्री हाय तुमच्याकडं," हे वर.

त्यांची निवृत्ती महिन्यावर आली होती. पुढं कंत्राटावर ठेवायचं की नाही हे आमच्या मॅनेजरांच्या हातात, आणि मॅनेजर म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत दोन्हीकडच्या एक्स्चेंजमध्ये नवी कार्डं बसवली, तेव्हापासून हे सुरू झालंय. दौंडच्या म्हाताऱ्यानं घोळ घातला असणार. शनिवारी रिपोर्ट द्या."

टेलिफोन कंपनीचा माणूस येऊन बाहेरची लाइन तपासून गेला. लाइनमध्ये दोष नव्हता.

लेझमाच्या रांगेत सगळ्यांचे कान हलगीकडे असतात. जोडलेल्या एक्स्चेंजचंही तसंच. सगळ्यांनी एकाच ठेक्यावर चालायचं, आणि तो ठेका, म्हणजे क्लॉक, टेलिफोन कंपनीकडून घ्यायचा. चुकलेला प्रत्येक ठेका मशीन मोजून ठेवतं. माझ्याकडे बाहेरच्या लाइनसमोरचा आकडा वाढत होता. दौंडला जोडणाऱ्या लाइनसमोर मात्र शून्य. आप्पांचा आणि माझा आवाज एकमेकांना स्वच्छ ऐकू यायचा, म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं.

गुरुवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. त्या दिवशी मशीनपाशी येऊन शांतपणे बसल्यावर तो शून्यच मला खटकला. त्यांच्याकडेही बाहेरचे कॉल बिघडलेले, माझ्याकडेही, मग आम्हा दोघांचंच इतकं जुळतं कसं? मी सेटिंगमधलं क्लॉकचं पान उघडलं. ठेका कुणाकडून घ्यायचा त्या यादीत पहिल्या क्रमांकावर दौंड होतं. मीच टाकलेलं.

मग दिवाळीत कार्डं बसवतानाचं फोनवरचं बोलणं आठवलं. मी म्हणालो होतो, "आप्पा, तुम्ही वडीलधारे. तुमचंच क्लॉक धरू."

"छे छे, साहेब. मेन प्लांट तुमचा. तुमचं धरायचं."

"नाही आप्पा, तुमचंच."

"बरं बरं," म्हणत दोघांनी फोन ठेवला होता. समोरच्यानं ऐकलं असं दोघांनाही वाटलं.

मी दौंडला फोन लावला. "आप्पा, तुमच्याकडं क्लॉक कुणाचं धरलंय?"

"तुमचं की."

"आणि मी तुमचं."

पलीकडे ते खो खो हसायला लागले. "म्हंजी 'तुम्ही आधी बसा, तुम्ही आधी बसा' करत उभं राह्यलो, आन् पंगत उठून गेली!"

हलगी सोडून आम्ही दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत नाचत होतो. मी टेलिफोन कंपनीची लाइन पहिल्या क्रमांकावर घेतली, आकडे शून्यावर आणले. आप्पांना काहीच बदलायचं नव्हतं.

"किती झालं?" पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं.

"शून्य."

"घाई नगं. च्या पिऊन बघा."

चहा पिऊन झाला, अर्धा तास झाला. शून्यच. मी घरी फोन लावला. "कोंबडी गेली का रं?" आई म्हणाली, आणि मी खुर्चीत मागे टेकलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा नीट कळलं. छोट्या कारखान्यानं मेन प्लांटचं क्लॉक घ्यायचं, हेच बरोबर. आप्पांची सेटिंग पहिल्यापासून बरोबर होती. क्लॉक कुठून घ्यायचं हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते, आणि चूक माझ्या एकट्याची होती. 'सेटिंग दुरुस्त केली' एवढंही लिहिता आलं असतं. पण मग दोष दौंडच्याच नावावर राहिला असता. मी सगळं लिहिलं.

मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे म्हाताऱ्याचं बरोबर होतं?"

"हो सर. चुकलो मी."

"मग त्यांना राहू दे अजून. तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी लागेलच."

हे टोमणा म्हणून होतं, पण जिना उतरताना मला हसू आवरेना.

पुढच्या गुरुवारी मोटारसायकल काढली, न्हावरा, चौफुला करत आप्पांकडे गेलो. त्यांच्या मशीनच्या दारावर कागद चिकटवलेला होता, स्केचपेननं लिहिलेला: 'क्लॉक रांजणगावचं. मानपान फक्त चहाला.'

कप पुढे करत ते म्हणाले, "घ्या साहेब, आधी तुम्ही."

मी मुकाट्यानं घेतला.