जुन्नर स्टँडवरची फेकलेली तिकिटं

मैत्रिणींनो, आज काय झालं ते ऐका.

मी नर्स. जुन्नरकडच्या मढ गावाच्या वरच्या वाड्यांत घरोघरी ड्रेसिंगला जाते. स्कूटी माझी, पेट्रोल पदरचं. तिकडं एसटी जातच नाही, पण ऑफिस म्हणतं, प्रवासखर्च हवा तर एसटीची तिकिटं जोडा.

म्हणून आज स्टँडवर लोकांनी फेकलेली तिकिटं वेचत होते. तेवढ्यात एका पेशंटची सून आली. "सिस्टर, काय हरवलं वो?"

तोंडातून निघून गेलं, "कानातलं."

ती तिथंच खाली बसून शोधायला लागली. ओरडली, "सिस्टरचं सोनं पडलंय, बघा राव!" निम्मा स्टँड वाकला. तिकिटं माझ्या मुठीत, दोन्ही टॉप्स कानातच, स्कार्फखाली.

उद्या तिच्याच घरी ड्रेसिंग आहे. काय सांगू तिला?