पंख्यात अडकलेला पूजेचा तांदूळ

मंडळी, सकाळी नवा लॅपटॉप बघत बसले होते आणि आत्ता जुन्यावरच सुसाट गेम खेळतेय!

झालं असं, की काही दिवस माझ्या गेमिंग लॅपटॉपचा पंखा खरखरत होता. दहा मिनिटांत नुसता तवा व्हायचा! गेमचे ग्राफिक्स कमी केले, खाली कूलिंग पॅड ठेवला, काही उपयोग नाही. आज वैतागून म्हटलं, "गेला हा. दुसराच घ्यावा लागणार."

बाबांनी आयुष्यभर अंबडच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त केली. ते म्हणाले, "न उघडताच गेला? आण इकडे."

खालचं झाकण काढलं. पंख्यात धुळीचा बोळा आणि त्यात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा तुकडा!

खंडेनवमीला आईने हार घालून लॅपटॉपची पूजा केली, तेव्हा गेम डाउनलोड होत होता म्हणून मी तो चालूच ठेवला होता. पंख्याने अक्षता आत ओढल्या.

मी आईकडे बघून हसत सुटले. ती बिचारी ओशाळली. बाबा मात्र माझ्यावरच उखडले.

"तिला काय हसतेस? आमच्याकडे खंडेनवमीला मशीन आधी बंद करायचे, मग आतून-बाहेरून साफ करायचे. हार सगळ्यात शेवटी. तुला फक्त हार माहीत!"

ब्रशने धूळ झाडली, चिमट्याने तांदूळ काढला. आता पंखा इतका शांत, की चालू आहे का हे हात लावून बघावं लागतं!

खरं सांगा, तुमचा लॅपटॉप आतून शेवटचा कधी साफ केलात? हार घातलेला धरणार नाही.